आतून पाहिलेला हात

"इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही," आईंनी भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचून काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं हाय बाप्पा. मले तेवढीच चिंता होती."

दाराबाहेर बाकावर बसलेल्या गरोदर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शकुनाबाई गायधने. वय साठीच्या पलीकडे. मी जिथे रोग्यांची सोनोग्राफी करते, त्या खोलीपर्यंत त्यांना आणण्यासाठी मी आणि माझा नवरा पराग, दोघांनी पंधरा दिवस नाकदुऱ्या काढल्या होत्या. सोनोग्राफी ही फक्त पोटुश्या बायकांची असते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. या वयात त्या बाकावर बसलेलं ओळखीच्या कुणी पाहिलं, तर संध्याकाळी अख्खा मोहल्ला पेढे मागायला दारात येईल, असं त्यांचं म्हणणं. परागनं समजावलं की आई, पोटाची नाही, हाताची करायची आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "हाताले काय पोट्टं होनार हाय का?"

चिंता खरी त्या हाताचीच होती. आईंचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता, दोरीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा. मूठ वळायची, पण मनगट वर उचलायचं म्हटलं की काही केल्या उचललं जायचं नाही. वळलेली बोटं सरळ करायची तर डाव्या हातानं एकेक उलगडावी लागायची.

आणि तो हात साधासुधा नव्हता. नागपूरकडे लग्नाच्या पंगतीत मटक्यावरची लांब रोटी असते. सैल, वाहती कणीक परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, गोळा दोन्ही पंज्यांवर झेलत वाढवायचा, वाढता वाढता तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरू द्यायचा आणि मग अलगद चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर पसरायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळा खेळ उघड्या पंज्यांचा आणि ताठ मनगटांचा. मनगट पडलं की रोटी जमिनीवर. आईंची रोटी अशी निघायची की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसावा. लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी शकुनाबाईंना कुठला दिवस मोकळा आहे ते विचारायला यायचे. सासरे लवकर गेले, तेव्हापासून घर याच दोन हातांवर चाललं होतं. आता पराग कमावत होता, मी कमावत होते, पण आईंना कुणी रोट्या बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी त्यालाच घराबाहेर काढलं असतं.

अपघातही असा झाला, की दुसऱ्या कुणाला झाला नसता. पराग त्यांना स्कूटरवर मागे बसवून एका लग्नाला पोचवत होता. आईंच्या मांडीवर कणकेचा गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं, उभट पातेलं. कणीक भिजवायचं काम त्या परक्या हाताला द्यायच्या नाहीत, घरूनच भिजवून न्यायच्या. रस्त्यात कुत्रं आडवं आलं, स्कूटर कलंडली. पडताना माणूस हात टेकतो. आईंनी दोन्ही हातांनी गंज पोटाशी आवळला आणि सगळा भार उजव्या दंडावर घेतला. दंडाचं हाड मधोमध मोडलं. लोकांनी उचललं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गंजात डोकावून पाहिलं. पुढे कुणीही भेटायला आलं, की हकीकतीचा शेवट ठरलेला असायचा: "हाड मोडलं, पन कनीक सांडू नाही देल्ली."

आम्ही त्यांना डॉक्टर देवतळ्यांकडे नेलं. हाडांचे नावाजलेले डॉक्टर, आणि आईंच्या रोटीचे जुने भक्त. त्यांनी हाड जागेवर बसवून दंडाला पट्टा बांधला. पंजा लोंबतोय हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मनगट उचलणारी नस याच हाडाला मागून वळसा घालून खाली जाते, म्हणाले. हाड मोडताना ती दबली आहे, बहुतेकांची आपोआप जागी होते, तीनेक महिने धीर धरा. त्यात चुकीचं काही नव्हतं. पुस्तकात तसंच लिहिलं आहे आणि बहुतेक रोग्यांचं होतंही तसंच.

हाड जुळत आलं, पंजा मात्र तसाच. नसेतून वीज सोडून पाहायची तपासणी झाली. त्यात करंट पुढे जात नाही एवढंच कळलं. नस नुसती बधिर आहे, की मोडलेल्या हाडाच्या फटीत अडकली आहे, हे ती तपासणी सांगत नाही. आणि सगळं अडलं होतं ते तिथेच. बधिर असेल तर वाट पाहणं हाच उपाय. उगाच चिरफाड केली तर नुकसान. अडकली असेल तर वाट पाहण्यासारखी घातक गोष्ट नाही. स्नायू वाळत जातात, आणि मग नस सोडवली तरी उचलायला काही उरत नाही. पंजा जन्मभर लोंबता राहतो.

मग एमआरआय झाला. त्यात रोग्यानं एवढंच करायचं असतं, की निपचित पडून राहायचं. आई सबंध वेळ बोलत होत्या. यंत्राची ठकठक सुरू झाल्यावर त्यांनी "कोन हाय?" असं विचारलं. टेक्निशियनला लग्न झालं का ते विचारलं, आणि तो नाही म्हणाल्यावर हिंगण्याचं एक स्थळ सुचवलं. बोलताना हात हलणारच. फोटो असे आले, की हाड कुठलं आणि मांस कुठलं हेही अंदाजानं सांगावं लागावं. परत जायला त्यांनी साफ नकार दिला. "त्या भोंग्यात आता मले मेल्यावरच टाका," असं म्हणून विषय संपवला.

राहता राहिले मी. मी मूळची साताऱ्याची. लग्न करून नागपूरला आले, तेव्हापासून आईंनी माझं नाव शर्वरीऐवजी डॉक्टरीनबाई ठेवलं होतं. डॉक्टर असून सुई टोचत नाही, नाडी धरत नाही, दिवसभर अंधाऱ्या खोलीत टीव्ही पाहते, ही माझी त्यांनी गावभर केलेली ओळख. चुलीपाशी मला त्या फिरकू द्यायच्या नाहीत. साताऱ्याची मनगटं भाकरी थापायची असतात, रोटी झेलायची नसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. आमचं भांडण म्हणाल तर रोज व्हायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत संपायचं.

त्याच वर्षी मी मुंबईला जाऊन नसांची सोनोग्राफी शिकून आले होते. कातडीखालचं बारीकसारीक दाखवणारा एक नवा प्रोब, म्हणजे अंगावरून फिरवायचा दांडा, हॉस्पिटलनं घेतला होता, आणि त्यानं नस पाहता येते यावर आमच्याकडे अजून कुणाचा फारसा विश्वास नव्हता. सहकारी गमतीनं विचारायचे, आज कुठली तार जोडलीस? माझा स्वतःचा तरी कुठे पुरता विश्वास होता. मुंबईला मी शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली पाहिलं होतं. इथे मी एकटी होते आणि समोर सासूबाई होत्या.

शेवटी त्या पलंगावर आडव्या झाल्या. मी दंडावर जेल घातलं. "पानी जास्त झालं," असा शेरा आला. आधी मी त्यांचा डावा, चांगला दंड पाहिला. निरोगी नस पडद्यावर मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसते, पांढऱ्या कडांमध्ये बारीक काळी छिद्रं. आईंची तशीच होती, अगदी पुस्तकातल्यासारखी. मग उजवा दंड घेतला. काखेकडून खाली येताना नस नीट दिसत होती. मोडलेल्या जागेजवळ आली तशी ती फुगली, छिद्रं एकमेकांत मिसळली. पुढे, जिथे नवीन हाड धरत होतं, नेमकी तिथे काळी सावली. हाडापलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. कोपराच्या वर नस पुन्हा सापडत होती. म्हणजे ती तुटलेली नव्हती. पण त्या सावलीत ती हाडाला लागून जात होती की हाडातून, ते काही कळेना.

"दिसलं का?"

"बघतेय, आई."

"मघापासून पाहूनच राहिली. आम्ही एवढ्या वेळात पंगत उठवतो."

मला मुंबईत शिकवलेलं आठवलं. चांगली नस मनगट हलवलं की मांसामधून पुढेमागे सरकते. अडकलेली सरकत नाही. पण माझा एक हात प्रोबवर होता, दुसरा मशीनच्या बटणांवर. मनगट हलवायला तिसरा हात हवा होता. मी आईंना म्हटलं, डाव्या हातानं उजवा पंजा धरा आणि सावकाश वर-खाली करा.

"म्हंजे आता हलवाचं? त्या भोंग्यात तं हलू नोको म्हने."

"इथे हलवा. हवं तितकं हलवा."

हे काम त्यांना पसंत पडलं. आयुष्यभर ज्या चालीनं कणीक झेलली, त्याच संथ चालीनं त्या आपला निकामी पंजा वर-खाली करू लागल्या. गडबड नाही, धक्का नाही. एखाद्या शिकाऊ डॉक्टरनं इतक्या सारख्या गतीनं ते केलं नसतं. पडद्यावर सावलीच्या खालचा नसेचा भाग प्रत्येक वेळी ताणला जायचा, सुटला की वाकडातिकडा व्हायचा, पण सरकायचा नाही. एक टोक कुणीतरी आत घट्ट धरून ठेवल्यासारखं. सावलीच्या वर तर हालचालीचा मागमूसही पोचत नव्हता. मी प्रोब दंडाच्या मागच्या बाजूला नेला, तिरका केला, पुन्हा केला. आणि एका कोनात दिसलं. नसेच्या एका बाजूला हाडाची पांढरी कड, दुसऱ्या बाजूलाही हाडाची पांढरी कड, आणि दोन्हींच्या मधून खाली शिरणारी नस. मी चित्र गोठवलं.

"तोंड काऊन उतरलं?" आईंनी विचारलं.

"आई, नस अडकली आहे. मोडलेल्या हाडाच्या फटीत."

त्यांचा डावा हात थांबला. "निंघते का?"

"ऑपरेशन करून काढता येईल."

"मंग हात येईल?"

"बहुतेक येईल."

"बहुतेक," त्या म्हणाल्या आणि स्वतःच पदरानं दंडावरचं जेल पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही देवतळेसरांच्या दवाखान्यात होतो. त्यांनी चष्मा बदलून माझी चित्रं पाहिली, खिडकीकडे धरून पाहिली, आणि मग फार सौम्यपणे बोलले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं असं, की सोनोग्राफी ही करणाऱ्याच्या हातावर असते, आणि माझा हात अजून नवा आहे. शिवाय रोगी माझ्या घरातली आहे, आणि काळजीनं पाहणाऱ्याला नको ते दिसतं. अजून दीड महिना थांबू. उघडलं आणि नस हाडाशेजारी सुखानं पडलेली सापडली, तर आपणच तिला डिवचल्यासारखं होईल. मी म्हणाले, दीड महिन्यात स्नायू आणखी वाळतील. ते म्हणाले, खरं आहे. पण तुझं चुकलं असेल तर?

आदली रात्रभर मीही स्वतःला तेच विचारत होते. माझ्या एका शब्दावर त्या दंडावर सुरी चालणार होती. शब्द खोटा ठरला असता तर आईंचा हात जायचा तो माझ्यामुळे गेला असता, आणि मला त्याच घरात, त्याच चुलीसमोर, रोज त्या हाताकडे पाहत राहायचं होतं. पराग खाली मान घालून बसला होता. अपघाताच्या दिवशी स्कूटर त्याच्या हातात होती, त्यामुळे तो कुठल्याच बाजूनं बोलायला धजत नव्हता.

आई खुर्चीत सावरून बसल्या.

"साहेब, तुम्ही माहा हात बाहेरून पाहिला. हिनं आतून पाहिला," त्या म्हणाल्या. "म्या बी पाहिला, हिच्या टीव्हीत. मले त्यातलं काही नाही समजलं, पन हिचं तोंड समजलं. हे पोरगी खोटं बोलते ना, तवा लय गोड बोलते. माही भाजी बिघडली का म्हनते, आई, छान झाली. काल गोड नाही बोलली. तुम्ही उघडा."

देवतळेसर माझ्याकडे पाहू लागले, मी जमिनीकडे. आईंचं संपलं नव्हतं.

"अन् नस मोकळी सापडली, तं तुम्हाले बोल नाही. मंग हिनं जल्मभर माह्या जागी रोट्या करायच्या."

"आणि अडकलेली सापडली तर?" देवतळेसरांनी विचारलं.

"तरी हिनंच करायच्या. हात येईस्तोवर. थंडीत तुमच्या पोरीचं लगन हाय, ऑर्डर घेऊन बसली मी. रोट्या काय तुम्ही करनार हाय?"

सर हसले, बराच वेळ हसले, आणि मग डायरी उघडून त्यांनी ऑपरेशनचा दिवस दिला.

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला आत बोलावून घेतलं. माझं चित्र समोर काचेवर लावलेलं होतं. दंडाच्या मागच्या बाजूनं उघडून ते वरून नसेचा माग काढत खाली येत गेले. वरची नस मला पडद्यावर दिसली तशीच फुगलेली होती. मग नस एका जागी वळली आणि नव्या हाडात शिरून दिसेनाशी झाली. देवतळेसरांनी वर न पाहता विचारलं, "तुझ्या चित्रात एका बाजूची कड पातळ होती ना?" मी हो म्हणाले. त्यांनी त्याच बाजूनं हाड कणाकणानं टोकरायला सुरुवात केली. नस बाहेर आली ती चेपलेली, लालसर, पण सलग होती. हात धुताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी असा पंजा आला, की आधी तुझ्याकडे पाठवीन." आणि त्यांनी ते पाळलं. आज माझ्याकडे विदर्भभरातून लोंबते हात आणि लोंबती पावलं येतात, त्याची सुरुवात त्या दिवसाची.

मला वाटलं, जिंकलो. आठवडाभर घरात आमरस-पुरीसारखं वातावरण होतं. आईंनी भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या हकीकतीला नवा शेवट जोडला: "सुनेनं टीव्हीत पाहिलं अन् साहेबानं काढलं." पण सुटलेली नस लगेच कामाला लागत नाही. ती वरून खाली नव्यानं वाढत जाते, आणि तिची चाल गोगलगायीपेक्षाही मंद. दिवाळी गेली. पंजा लोंबलेलाच होता.

ठरल्याप्रमाणे माझी शिकवणी सुरू झाली होती. हॉस्पिटलातून आले की अंगणात मटका चढायचा. आई डाव्या हातात छडीसारखं उलथणं धरून खुर्चीवर बसायच्या. शेजारी मंजुळा, त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं लग्नं केलेली, शांत स्वभावाची बाई. ती माझ्या हातांवर गोळा ठेवायची आणि आई बोलायला लागायच्या. माझी रोटी कधी मध्येच फाटायची, कधी घोंगडीसारखी जाड व्हायची, कधी मटक्याऐवजी माझ्याच खांद्यावर जाऊन बसायची. आमच्या गल्लीतल्या गाई त्या हिवाळ्यात चांगल्या धष्टपुष्ट झाल्या. आई म्हणायच्या, डॉक्टरीनबाईचा टीव्ही बरा, रोटी नोको. मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, शिकवणारी चांगली असती तर आली असती.

अधूनमधून मी त्यांचा दंड पाहत होते. आता सोनोग्राफीच्या बाकावर त्या ऐसपैस बसायच्या आणि गरोदर बायकांना खाण्यापिण्याचे सल्ले द्यायच्या. पडद्यावर सगळं छान होतं. फुगलेली नस निवळत होती, छिद्रं परत दिसू लागली होती, आणि मनगट हलवलं की ती सरकत होती, डावीसारखीच. मी आनंदानं त्यांना दाखवायचे. त्या एकदा पडद्याकडे पाहायच्या, एकदा आपल्या पंज्याकडे.

"तुह्या टीव्हीत चालू हाय," एकदा म्हणाल्या, "माह्या हातात बंद हाय."

ते त्या हसत म्हणाल्या होत्या, पण मला लागलं. त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या दारात असताना त्यांना मंजुळाला सांगताना ऐकलं, की देवतळेसाहेबाच्या पोरीचं लगन झालं, की पुढच्या ऑर्डरी तू तुह्या नावानं घे. मटके बी घेऊन जा, माह्याकडं नुसते पडून राहतील. मंजुळा रडायला लागली. आई तिलाच समजावत होत्या. मी पाणी न पिताच मागे फिरले. आत पाहणं मला जमलं होतं. आत सगळं ठीक आहे हेही मी पाहिलं होतं. पण आई म्हणत होत्या तेच खरं होतं. हात बंद होता. आणि आपण फार उशिरा उघडलं असेल, तर तो बंदच राहणार होता.

देवतळेसरांच्या मुलीचं लग्न शहराबाहेरच्या एका मोठ्या लॉनवर होतं. सकाळचा मुहूर्त, दुपारची पंगत. मंडपामागे चुली मांडल्या होत्या, त्यांवर मटके पालथे. मंजुळा आणि तिनं आणलेल्या बायका भराभर रोट्या टाकत होत्या. आईंनी नवी जांभळी साडी नेसली होती. मनगटाला आधार द्यायची पट्टी त्यांनी घरीच काढून ठेवली होती. लग्नात ते लोढणं कशाला, म्हणाल्या. एका खुर्चीत बसून त्या सगळ्यांवर नजर ठेवत होत्या. उजवा हात मांडीवर, डाव्या हातात पाण्याचा गडू, कणकेवर शिंपडायला.

मला त्यांनी कडेची चूल दिली होती. तीही शब्दाला जागायचं म्हणून. माझ्या रोट्या वेगळ्या टोपलीत पडत होत्या आणि त्या टोपलीला पंगतीत जायची परवानगी नव्हती. मंडपात मंगलाष्टकं चालली होती, धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. मंजुळानं माझ्या पंज्यांवर पुन्हा एक गोळा ठेवला.

तो गोळा का कोण जाणे, नीट वागला. पंज्यांवर झेलला तसा गोल वाढत गेला, फाटला नाही. मनगटावर आला. मनगटावरून खाली उतरू लागला. माझी रोटी कोपराकडे निघाली होती, तीही पातळ, तीही एकसारखी. मी हरखून गेले. ती कोपराला टेकायच्या आधीच मी मटक्याकडे वळले.

"थांब," आई ओरडल्या.

मी वळून पाहिलं. आईंनी मला थांबवायला हात वर केला होता. डाव्या हातात गडू होता, म्हणून उजवा. पंजा माझ्याकडे रोखलेला, बोटं अजून अर्धवट वाकलेली, पण मनगट सरळ उभं.

माझे हात खाली आले. रोटी घसरली आणि चुलीजवळच्या राखेत जाऊन पडली.

"पाडली ना? थांब म्हनलं तं पाहत काय बसली? कोपरापर्यंत येऊ दे म्हनून कितीदा सांगतलं तुले, पन नाही. सातारा म्हंजे नुसती घाई. एवढी चांगली निंघाली होती, आता..."

हात तसाच वर होता. त्या बोलत होत्या आणि हातानंच मला दटावत होत्या, आणि मनगट पडत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "हात खाली घेऊ नका."

"काऊन?"

माझ्या नजरेच्या रोखानं त्यांनी पाहिलं. मंजुळाही बघू लागली आणि तिच्या मटक्यावरची रोटी करपली. आईंनी गडू खाली ठेवला. पंजा हळूच खाली सोडला, आणि पुन्हा वर घेतला. तो आला. पुन्हा सोडला, पुन्हा घेतला. जरा थरथरत, पण आला.

"आला वं माय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी कोपरापर्यंत कणीक माखलेल्या हातांनी त्यांना मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. नव्या साडीला कणीक लागत होती. आई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत.